उधारीवरची गाणी

माझ्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस भिंतीकडं बघून दोनच प्रश्न विचारतो. हे सगळं ऐकून कधी होणार, आणि यात पैसे किती घातले? पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला आहे, पण ते कुणाला पटत नाही. सुरुवातीचं जे काही आहे, त्यातलं बहुतेक फुकट आलेलं आहे. फुकट म्हणजे दुसऱ्याच्या खर्चानं. नोकरी सगळी बँकेत गेल्यामुळं हिशेब लावायची खोड आहे, आणि हा एक हिशेब मी बरीच वर्षं लावतो आहे. तो काही जुळत नाही.

शिस्तीचे संग्राहक तबकड्या कंपनीप्रमाणं लावतात, गायकाप्रमाणं लावतात, लेबलाभोवतीच्या चकचकीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स नंबर भिंग घेऊन वाचतात आणि वहीत उतरवतात. मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही मंडळी १९९० पासून हेच काम निष्ठेनं करत आली, म्हणून कितीतरी जुने आवाज टिकले. त्यांच्यापुढं मी हात जोडतो. माझी फडताळं मात्र वेगळ्याच रीतीनं लागली आहेत. एक फळी तात्यांची, एक चाचांची, एक साहेबांची. उरलेली माझी. त्यामुळं भीमसेन जोशींना खेटून ‘शोले’च्या संवादांची एलपी उभी दिसत नसली, तरी ती हाताच्या अंतरावरच आहे. माझी फळी सगळ्यांत मोठी आणि, खरं सांगायचं तर, सगळ्यांत बेचव.

तात्या आमच्या गावचे स्पीकरवाले. गाव सास्तूरच्या अलीकडं. तेव्हा लोहारा तालुका झालेला नव्हता, आम्ही सगळे उमरगा तालुक्यातले, आणि जिल्हा उस्मानाबाद. आता तो धाराशिव झाला, पण जुन्या पासबुकांवरचं नाव काही माझ्या तोंडातून जात नाही. गावात वीज यायच्या आधीपासून तात्यांचा धंदा. ट्रकची बॅटरी, तिच्यावर चालणारा अँप्लिफायर, दोन कर्णे, पत्र्याची एक हिरवी पेटी. कर्णे कडुनिंबावर चढवायचं काम आम्हा पोरांना मिळावं म्हणून मारामाऱ्या व्हायच्या. एका कर्ण्याचं तोंड गावाकडं, दुसऱ्याचं शिवाराकडं. लग्नाला न आलेल्यानं रानात बसून का होईना ऐकलं पाहिजे, असा तात्यांचा आग्रह.

लग्नाचा अख्खा दिवस त्या पेटीतून निघायचा. पहाटे भूपाळ्या आणि अभंग, त्यात ‘अमर भूपाळी’ची रेकॉर्ड ठरलेली. हळदीला बिस्मिल्ला खाँची सनई. वऱ्हाड वेशीवर दिसलं की सिनेमाची गाणी. मंगलाष्टकं भटजींच्या तोंडची, त्याआधी तात्यांच्या तोंडची सूचना: नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन मांडवात यावं. पंगती उठेपर्यंत ‘सांगत्ये ऐका’, पुढं पुढं ‘पिंजरा’ आणि सुलोचना चव्हाणांच्या लावण्या, म्हाताऱ्यांच्या फर्माइशीवर प्रल्हाद शिंदे. पंच्याहत्तरनंतर ‘शोले’च्या संवादांची तबकडी आली, तेव्हा तर गब्बरचा आवाज ज्वारीच्या पिकावरून पलीकडच्या गावापर्यंत जायचा आणि तिकडची पोरं पळत यायची. सिनेमा आमच्यातल्या कुणीच पाहिला नव्हता. पाठ सगळ्यांना होता.

मी तात्यांच्या शेजारी बसायचो, कारण मला सुई बघायची असायची. लाखेच्या तबकडीला पोलादी सुई लागते आणि ती लवकर झिजते. खरं म्हणजे दर बाजूला नवी घालावी. तात्यांना ते परवडणारं नव्हतं. झिजलेली सुई ते अंगठ्याच्या नखावर फिरवून बघत, पाटीच्या दगडावर दोनदा घासत, पुन्हा घालत, छोटा स्क्रू पिळत. रेकॉर्ड अडकायला लागली तर पिकअपच्या डोक्यावर दहा पैशाचं नाणं. आणि सुया संपल्याच, तर बाभळीचा काटा. हिरवा नव्हे, वाळून कडक झालेला. तो तिरका कापून सुईच्या जागी बसवला की गाणं बारीक व्हायचं, पण मऊ लागायचं, खरखर निम्म्यावर यायची. पुढं वाचलं तेव्हा कळलं की विलायतेतही शौकीन लोक मुद्दाम काट्याच्या सुया वापरत, तबकडी कमी झिजावी म्हणून. तात्यांनी वाचलेलं काही नव्हतं. त्यांच्याकडं बाभळी होत्या.

त्या तबकड्याही झाडावरूनच आलेल्या. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर किडे लाख धरतात. ती आपल्याकडून जगभर जायची, तिकडच्या गाण्यांच्या तबकड्या तिच्यातून बनायच्या. पुढं आपल्या गाण्यांच्या कलकत्त्याजवळ डमडमला एचएमव्हीच्या कारखान्यात बनू लागल्या. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. म्हणजे आमच्या गावातलं अख्खं लग्न साडेतीन-साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांत पार पडायचं, आणि दर तुकड्याला तात्या उठून तबकडी उलटी करायचे. दिवसभर त्यांना मी जेवताना पाहिलं नाही. ताट त्यांच्यापर्यंत यायचं, झाकून ठेवलेलं असायचं.

अक्काचं लग्न त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात झालं. बहात्तरच्या दुष्काळाचा तो शेवट. वडील, म्हणजे अण्णा, खडी फोडायच्या कामावर, घरात मिलोच्या लाल भाकरी. अण्णांनी ठरवलं होतं की चार माणसांत अक्षता टाकायच्या, वाजंत्री नको, स्पीकर नको. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तात्या बैलगाडीत पेटी घालून दारात.

“लगीन हाय का मयत?” त्यांनी विचारलं. “आवाज नको व्हय पोरीला?”

“पैसं न्हाईत रं,” अण्णा म्हणाले.

“सुगीला दे.”

वीस रुपये ठरले. सुगी आली आणि गेली, दुसरीही गेली. अण्णांनी ते पैसे दिलेच नाहीत असं नाही, एकदा ज्वारीचं पायलीभर माप पाठवलं, ते तात्यांनी घेतलं. पण वीस रुपये राहिले ते राहिलेच, आणि तात्यांनी कधी विषय काढला नाही. अण्णा जाताना त्यांनी मला ज्या दोन-चार देण्यांची आठवण करून दिली, त्यात सोसायटीचं कर्ज होतं, एका सोयऱ्याचा बैल होता आणि हे वीस रुपये होते.

बारावीनंतर मी उस्मानाबादला कॉलेजला आलो. शहराला तेव्हा स्वतःचं स्टेशन नव्हतं, पुण्याकडं जायचं तर येडशीला जाऊन बार्शी लाईटची छोटी गाडी धरायची. रेकॉर्ड विकत घ्यायची म्हणजे सोलापूर. पण तोवर कॅसेट आली होती. फिलिप्सनं ती १९६३ मध्ये काढली, आमच्याकडं पोचायला पंधराएक वर्षं लागली असतील. ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका चाचांचं दुकान होतं. घड्याळं, रेडिओ दुरुस्ती, आणि आतल्या बाजूला दोन डेक. गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट दिली की चाचा भरून देत. आजच्या कायद्यानं तो गुन्हा ठरेल, तेव्हाच्या कायद्यानंही ठरला असता. कुणाच्या मनातही ते यायचं नाही.

साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. आपण आठ गाणी लिहून दिली की शेवटी दोन-अडीच मिनिटांची पट्टी उरते. दुसरे दुकानदार ती कोरी सोडत. चाचांना कोरी पट्टी सहन व्हायची नाही. तिथं ते स्वतःच्या आवडीचं काहीतरी भरत, न विचारता, न सांगता, आणि पट्टी संपेल तिथं ते तुटायचं. माझ्या किशोरकुमारच्या शेवटी एकदा कव्वाली सुरू झाली. हार्मोनियम, टाळ्या, मुखडा, पहिला अंतरा चढायला लागला आणि खट. मी दुसऱ्या दिवशी दुकानात.

“चाचा, पुढं काय होतं?”

“हां,” ते म्हणाले, “अब आया तू.”

ती ‘अल हिलाल’मधली इस्माईल आझादांची कव्वाली होती. अशा तुटक्या शेपटांमधून मला बेगम अख्तर भेटल्या, मेहदी हसन भेटले, आणि परभणीच्या राजारामबापू कदमांचा गोंधळही भेटला. चाचांच्या आवडीला दर्ग्याची भिंत नव्हती. उरुसात कव्वाली ऐकायला रात्र जागवणारा हा माणूस नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर लागणाऱ्या आराधी मंडळींच्या गाण्यांबद्दल तासभर बोलू शकायचा. संबळाच्या दोन तोंडांचे दोन वेगळे आवाज तोंडानं काढून दाखवायचा. त्यांनी भरलेल्या कॅसेट आता नीट वाजत नाहीत, पट्टी एकमेकीला चिकटते. फेकवत मात्र नाहीत. काहींवर अजून त्यांच्या हातचं वळणदार अक्षर आहे, देवनागरीत, ‘महमद रफी – दर्दभरे’.

मी हे सगळं ऐकत होतो तेव्हा माझी स्वतःची आवड कोणती, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मलाही पडला नाही. हल्ली लोक आपली आवड घरच्या दारावरच्या पाटीसारखी मिरवतात. मी फक्त जुनं ऐकतो, मी फक्त शास्त्रीय ऐकतो, आम्ही रीमिक्सला कानही देत नाही. माझा अनुभव असा की आवड ही शेजाऱ्यांकडून येते. कुणाच्या भिंतीला भिंत लागली, कुणाच्या दुकानावरून कॉलेजला जायचा रस्ता होता, बदली कुठं झाली, यावर ती ठरते. मागाहून आपण तिला आपलं नाव लावतो.

बदली झाली उमरग्याला. हैदराबाद रस्त्यावरचं गाव, बाजारात निम्मं कानडी ऐकू येतं. आमचे मॅनेजर धारवाडचे. एकटेच राहायचे, बरोबर एक रेकॉर्ड प्लेअर आणि दोन खोके एलपी. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन, किशोरीताई. साहेबांचा नियम कडक होता. एका वेळी एकच एलपी घरी न्यायची. परत आणताना कव्हरच्या आतला कागद तसाच पाहिजे. आणि ऐकून झाल्यावर दोन दिवस तिच्याबद्दल तोंड उघडायचं नाही. 

“लगेच बोलता तुम्ही, ते गाण्याबद्दल नसतं हो,” ते म्हणायचे. “ते तुमच्याबद्दल असतं.”

मन्सूरांची पहिली एलपी मी परत केली तेव्हा दोन दिवसांनंतरही माझ्याकडं बोलायला काही नव्हतं. मला त्यातलं काही कळलंच नव्हतं. साहेब खूश झाले आणि तीच परत दिली. अल्लादिया खाँ, त्यांचे मुलगे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ, त्यांच्याकडून मन्सूर, ही साखळी त्यांनी मला लेजरच्या मागच्या पानावर काढून दाखवली होती. तेच घराणं केसरबाई केरकरांचं. त्यांची भैरवी १९७७ मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत घालून अंतराळात पाठवली, हेही मला पहिल्यांदा साहेबांनीच सांगितलं. पुढं वाचताना त्यातला एक तपशील सापडला आणि मी एकटाच हसलो. नासानं त्या तबकडीबरोबर सुई आणि पिकअपचं कार्ट्रिजही पाठवलं आहे. सुया मिळत नाहीत, हे त्यांनाही माहीत असणार.

पहिल्या पगाराच्या वेळचं सांगायचं राहिलं. वीस रुपयांचे तोवर किती झाले असते ते व्याजासकट काढून मी पाकीट घेऊन तात्यांकडं गेलो होतो. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उघडलं, मोजलं आणि परत दिलं.

“तुज्या बापाचं आन माजं हाय ते. तू मदी कशाला येतूस? पुण्याला जाशील तवा सुया आन.”

म्हणून पुण्याचा जुना बाजार. रविवार आणि बुधवार, कुंभारवेशीजवळ. गंजलेल्या नटबोल्टांच्या ढिगाशेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याकडं एचएमव्हीच्या सुयांची पत्र्याची डबी सापडली, झाकणावर कुत्रा. आत सुया भरलेल्या. ती घेतली, आणि डबीबरोबर स्वतःसाठी पहिली तबकडी घेतली. माझी फळी तिथून सुरू होते.

साहेबांना मी एकदा गावच्या जत्रेला नेलं. रात्री उशिरा सगळं पांगल्यावर तात्यांनी आवाज कमी केला आणि स्वतःसाठी एक तबकडी लावली. ही त्यांची नेहमीची पद्धत, पण त्या तबकडीला आम्ही ‘म्हाताऱ्याचं रडगाणं’ म्हणायचो. साहेब पाणी पीत होते. तांब्या तसाच हातात धरून ते पेटीजवळ आले आणि खाली मातीत बसले. ओडियनची तबकडी, अब्दुल करीम खाँ, भैरवी. नळदुर्गच्या एका वाड्यातलं जुनं सामान निघालं तेव्हा तात्यांनी चार आण्याला घेतली होती. कोण गातंय ते तात्यांना माहीत नव्हतं, लेबल इंग्रजीत. साहेबांनी नाव सांगितलं, मिरजेच्या दर्ग्याबद्दल सांगितलं. तात्या म्हणाले, “आसं व्हय,” आणि तबकडी पुन्हा लावली. ती रात्र त्या दोघांनी तेवढ्या एका गाण्यावर काढली. मी झोपलो होतो, मला सकाळी कळलं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवले होते. सेट बैलगाडीतच होता आणि तात्या गाडीखाली झोपले होते, म्हणून वाचले. आमच्याकडची घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर माळवद. त्यांच्या घरातलं कोण गेलं आणि आमच्या घरातलं कोण गेलं, ते मी इथं लिहीत नाही. मी पोचलो तेव्हा दुपार होती. शाळेच्या मैदानावर कर्णा बांधलेला होता आणि तात्या माईकवर नावं वाचत होते. कुणाला उमरग्याला नेलं, कुणाला सोलापूरला, कुणाचे नातेवाईक कुठं थांबलेत. ‘नवरीच्या मामांनी’ म्हणणारा तोच आवाज, त्याच पट्टीत. पुढं कितीतरी दिवस धान्याच्या, पत्र्यांच्या, डॉक्टरांच्या सूचना त्या सेटवरून झाल्या. त्यासाठी कुणी त्यांना पैसे दिले असतील असं मला वाटत नाही.

हिरवी पेटी घरात होती. ती काढली बऱ्याच महिन्यांनी, दगड उपसताना. पत्रा चेपून सपाट झालेला. लाखेच्या तबकड्यांचा नुसता चुरा, ओडियनचीही त्यातच. पण ईपी आणि एलपी प्लास्टिकच्या, त्या वाकल्या, मातीनं माखल्या, तुटल्या नव्हत्या. तात्यांनी त्या पोत्यात भरून पत्र्याच्या शेडमध्ये माझ्यापुढं ठेवल्या.

“बँकेत हैस न्हवं? ठेव म्हणून ठेव.”

मी पावती देऊ का विचारलं. ते हसले, त्या वर्षात पहिल्यांदाच बहुतेक. त्या रेकॉर्ड मी कोमट पाण्यानं धुतल्या, दोन काचांमध्ये दाबून ठेवल्या. बऱ्याचशा वाजतात. ‘शोले’ एका जागी अडकतो. ती फळी तात्यांची आहे ती अशी, नावापुरती नव्हे. ठेव त्यांची, मी सांभाळणारा. मुदत त्यांनी घातली नव्हती आणि ते गेले तेव्हा वारसाचं नावही लावलेलं नव्हतं.

अब्दुल करीम खाँची तीच तबकडी मला पुढं जुन्या बाजारातच मिळाली, चांगल्या अवस्थेत. तात्यांची प्रत जास्त गोड होती असं लिहिण्याचा मोह होतो. तसं नाही. माझी प्रत कितीतरी साफ वाजते, तान न् तान ऐकू येते. मात्र ती मी कुणाला ऐकवली तर ऐकणारा मान डोलावतो आणि मोबाइल बघतो.

गेल्या श्रावणात तात्यांचा नातू आला. नव्या वसलेल्या गावात राहतो, स्वतःचा साउंड आहे, नवरात्रात आणि जयंत्यांना फुरसत नसते. म्हणाला, आज्याच्या रेकॉर्डी तुमच्याकडं हैत म्हणं. मला वाटलं, आली ठेवीची मागणी. मी पेटीत भरायलाही घेतल्या.

“रेकॉर्डी नकोत काका, त्या कुठं वाजवू? त्यातली आराध्याची गाणी पेनड्राइव्हवर द्या. संबळ तेवढा कापून घेतो, खाली बीट टाकतो.”

अंगावर काटा आला माझ्या, पण त्याच्याच मालाला मी नाही कसं म्हणणार? एक-एक तबकडी लावून, संगणकात उतरवून दिली. तो शेजारी बसून होता. ज्या गाण्यावर माझे डोळे मिटत होते, त्यावर तो म्हणाला, “ह्याला बेसच न्हाई की.” मी त्याला बासष्ट सालचं ध्वनिमुद्रण आणि आजचे सबवूफर यांवर व्याख्यान दिलं, ते त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या आज्याला समोर बसवून मी कधी व्याख्यान दिलं नसतं. जाताना त्यानं माझ्या संगणकात स्वतःच्या गाण्यांचं एक फोल्डर टाकलं. फुकट कसं न्यायचं, म्हणाला.

ते फोल्डर मी आता रोज थोडं थोडं ऐकतो आहे. निम्म्याहून जास्त गाणी सहन होत नाहीत, स्पष्टच सांगतो. पण एक आहे, हलगी आणि संबळ एकमेकांवर चढवलेली, मधे कुठल्या तरी बाईंचा मोकळ्या रानातला आवाज, नाव नाही, गाव नाही. ते मी परत परत लावतो, आणि बायको आतून विचारते की तुम्हाला काय झालंय.

रविवारी त्याचा फोन आला. “काका, ऐकलाव का? कसं वाटलं?”

“मंगळवारी कर फोन,” मी म्हटलं.